तक्रार क्रमांक चार

सोमवार, ५ जानेवारी २०२६

गेली. कंबर गेली.

सकाळी पहिला फोन नेहमीचाच. 'मॅडम, आमची रूम कधी मिळणार?' या मुंबईत पुनर्वसन म्हटलं की लोकांना फक्त खोली आठवते. सांगितलं — दादा, आम्ही खोल्या देत नाही. कामावर मार लागलेल्या माणसाला पुन्हा कामावर उभं करणारी केंद्रं असतात, त्यांचा हा संघ. सव्वीस केंद्रं आहेत, त्यांनी नीट वागावं हे आम्ही बघतो. 'म्हणजे रूम नाही.' नाही. 'मग कसलं पुनर्वसन?' आणि त्यानं फोन आपटला.

साडेअकराला प्रेसवाला दोन खोकी टाकून गेला. 'परत कामावर' — आमची पुस्तिका, नवी आवृत्ती. जखमी कामगाराशी मालकानं कसं वागावं ते सांगणारी. मजकूर माझाच. दगडू पोस्टात गेला होता. दगडू म्हणजे आमचा शिपाई, संघाचा दुसरा आणि शेवटचा कर्मचारी; पहिली मी. दहा मिनिटं थांबले असते तर काय आभाळ कोसळणार होतं? पण दम नाही ना! वाकले, खोकं उचललं, आणि पाठीत कट्ट झालं. समोर भिंतीवर आमचंच पोस्टर — 'गुडघ्यात वाका, कमरेत नको.' त्यातली बाई हसत हसत खोकं उचलतेय. मी तिच्याकडे बघत खाली बसले ती बसलेच.

दगडू आला. 'बाई, काय पडलंय?'

म्हटलं, 'मी.'

दुसरा मजला, लिफ्ट नाही. जखमी माणसांसाठी झटणाऱ्या संघाचं ऑफिस भोईवाड्यात असल्या जिन्यावर कुणी घेतलं, हे सतरा वर्षांत मला कळलेलं नाही. दगडूनं एकेक पायरी धरून उतरवलं, टॅक्सीत बसवलं, आणि परत वर गेला. दोन्ही खोकी माळ्यावर टाकायची होती.

मंगळवार, ६ जानेवारी

आडवी. सासूबाई म्हणाल्या, 'वाकान उचलू नको म्हणान कितक्यांदा सांगलंय तुका!' त्यांनी हे आयुष्यात एकदाही सांगितलेलं नाही.

गुरुवार, ८ जानेवारी

डॉक्टर म्हणाले, फार काही नाही, पण अंगावर काढू नका. दहा दिवस आराम, मग हलकं काम. वाकायचं नाही, उचलायचं नाही, तासभर बसलं की उभं राहायचं. आणि व्यायाम शिकवणारं एखादं चांगलं केंद्र गाठा. मला हसू आलं. सव्वीस केंद्रं माझ्या टाचेखाली! निदान त्यांची फायलिंग तरी.

राकेशला फोन केला. त्याचं केंद्र लालबागला, कमरेच्या दुखण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. 'नलूताई, हे काय विचारणं झालं? उद्या सकाळी या.' मन भरून आलं. तासाभरानं त्याचाच फोन. आवाज पडलेला. 'ताई... नियम चौदा.'

नियम चौदा — संघाच्या कर्मचाऱ्यावर कोणत्याही सदस्य केंद्रानं उपचार करू नयेत. आधीचा एक शिपाई एका केंद्रातून गुडघ्याला फुकट मालिश करून घ्यायचा आणि त्या केंद्राची फाईल दर वेळी सगळ्यात वर यायची, म्हणून केलेला. बिनतोड नियम, एकही पळवाट नाही. मीच लिहिला होता. तेव्हा पाठ थोपटून घेतली होती, तीच ही पाठ.

सोमवार, १२ जानेवारी

वरळीत नव्या इमारतीत आलो तेव्हा वाटलं होतं, चाळीतली माणसं लिफ्टमध्ये एकमेकांना ओळखणार नाहीत. कसलं काय! अठरा मजल्यांत सगळ्यांना माझी कंबर माहीत आहे. कोणी म्हणे एरंडेल, कोणी म्हणे गरम विटेचा शेक, तेराव्या मजल्यावरचे काका म्हणे उलटं चाला. सासूबाईंचं तेल चालू आहे. त्यात काय आहे हे त्या सांगत नाहीत, पण वासावरून मासळीबाजार आठवतो.

शेवटी आमचीच पुस्तिका काढली. पान नऊ, चित्रं एक ते सहा. करून बघितली. उतार पडतोय! पान नऊ चांगलं लिहिलंय.

सोमवार, १९ जानेवारी

चालते, उभी राहते, बसते. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली — हलक्या कामास हरकत नाही. हितेंद्र सरांना फोन केला. हे आमचे अध्यक्ष. दादरला त्यांचं मोठं केंद्र आहे, आवाज इतका मऊ की रागावले तरी माणसाला आशीर्वाद मिळाल्यासारखं वाटतं.

'नलूताई, अजिबात घाई करू नका. आराम करा. पूर्ण बऱ्या झालात की बघू. अधिवेशनाचं आम्ही सांभाळतो. माझ्या रिसेप्शनची प्रिती बसतेय तुमच्या जागी, हुशार मुलगी आहे.'

बघू! माझा करार एकतीस मार्चपर्यंत आहे. दर वर्षी अधिवेशन संपलं की त्याच हॉलवर पाच मिनिटांत नवा होतो, तोही मी समोर असते म्हणून. समोर प्रिती असली तर? मी छप्पन्न वर्षांची. हे गेल्यापासून घरात मी आणि सासूबाई, दोघीच. छप्पन्नाव्या वर्षी कमरेची चिठ्ठी घेऊन फिरणाऱ्या बाईला कोण काम देणार? जेवले नाही.

मंगळवार, २० जानेवारी

पुस्तिका, पान तीन: 'दुखापत झालेल्या माणसाला घरी बसवणं मालकाला सोपं जातं. म्हणूनच ते करू नये. "आराम करा" हे वाक्य पुष्कळदा कामावरून काढण्याची पहिली पायरी असतं.' खाली सही — हितेंद्र, अध्यक्ष.

सही तरी वाचून करायची ना माणसानं.

गुरुवार, २२ जानेवारी

डोकं चाललं! काल दिवसभर चिडचिड केली, आज सकाळी चहा गाळताना सुचलं. चहा सांडला, पण सुचलं.

आमच्याकडे तक्रारीची सोय आहे. जिन्याच्या दारापाशी लाल पेटी. कुठल्याही जखमी कामगारानं आपल्या मालकाविरुद्ध तक्रार टाकावी. कागदावर नुसती हकीकत लिहायची, नाव नाही गाव नाही. कामगार कोण आणि जबाबदार कोण, ही दोन नावं एका चिठ्ठीवर लिहून छोट्या पाकिटात बंद करायची. समिती हकीकत वाचून निकाल देते आणि मगच पाकीट फोडते. कारण पूर्वी नाव बघितलं की कोणाचा तरी मेहुणा निघायचा. अकरा वर्षांत तीन तक्रारी आल्या. आज चौथी लिहिली. माझी. एक अक्षर खोटं नाही.

'चष्मा राहिलाय' म्हणून ऑफिसला गेले, जिना चढताना चार वेळा थांबले, पाकीट पेटीत टाकलं आणि चष्मा घेऊन परत आले. चष्मा नाकावरच होता. प्रितीनं काही विचारलं नाही. बरी मुलगी आहे.

शनिवार, २४ जानेवारी

प्रितीचा फोन. 'मॅडम, लाल पेटीत काहीतरी आलंय. चावी तुमच्याकडे आहे का?'

माझ्याकडेच आहे. आणि नियम अकरा सांगतो, पेटी फक्त कार्यालयीन सचिवानं, म्हणजे मीच, उघडायची, उघडल्यापासून तीन दिवसांत पोच द्यायची, सुनावणी संपेपर्यंतचं सगळं काम तिनंच करायचं. हितेंद्र सरांना कळवलं. 'मग काय ताई, यावंच लागेल तुम्हाला. फक्त तक्रारीपुरतं हं.'

फक्त तक्रारीपुरतं. हो सर.

बुधवार, २८ जानेवारी

हजर! दगडूनं माझ्या टेबलाच्या पायांखाली दोन दोन विटा सरकवल्या आहेत, म्हणजे उभं राहून लिहिता येतं. 'पान चौदावर चित्र आहे ना बाई, तसं केलं.' पुस्तिका पाकिटात घालताना तो वाचतो हे मला माहीत नव्हतं. सव्वीस केंद्रचालकांपैकी किती जणांनी वाचली असेल?

काहीही उचलायचं झालं की नुसती हाक मारायची. पाण्याची बाटली, फायली, माळ्यावरची खोकी, सगळं दगडू. डॉक्टर खूश होतील.

तक्रारदाराला पोच लिहिली: 'आपली तक्रार मिळाली. संघ आपल्या पाठीशी आहे.' घडी घालून पर्समध्ये ठेवली. वाचून खरंच धीर आला.

बुधवार, ४ फेब्रुवारी

समिती बसली. हितेंद्र सर, राकेश आणि गिरगावच्या केंद्राची अक्षदा — तिशीची असेल, कमी बोलते. मी उभी राहून हकीकत वाचली. आवाज दोनदा कापला. राकेश म्हणाला, 'ताईंना किती लागतं बघा लोकांचं.'

वाचून झालं आणि हितेंद्र सर उभेच राहिले. 'सतरा वर्षं! सतरा वर्षं राबलेली बाई, डॉक्टर हलकं काम द्या म्हणतात, आणि हा मालक म्हणतो आराम करा? हे गोड बोलून हाकलणं आहे. कोण आहेत ही माणसं?'

मी इतिवृत्तात लिहिलं — 'अध्यक्षांनी तीव्र नापसंती व्यक्त केली.'

राकेश म्हणाला, एखादं कुरियरचं ऑफिस असणार, त्यांना माणसाची किंमत नसते. अक्षदानं टेबलाखालच्या विटांकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पेन खाली पडलं म्हणून बराच वेळ टेबलाखाली शोधत राहिली. वर आली तेव्हा चेहरा लाल होता. हसून, असं मला वाटतं.

निकाल एकमतानं: मालकानं त्या बाईला ताबडतोब हलकं काम द्यावं, योग्य खुर्ची द्यावी, करार चालू ठेवावा आणि माफी मागावी. इथवर उत्तम. मग हितेंद्र सर म्हणाले, 'आणि नाव अधिवेशनात जाहीर करायचं. पाकीट मी स्टेजवर फोडणार. एकदा दिसू दे लोकांना संघाला दात आहेत ते.'

म्हटलं, 'सर, आधी एकदा नाव बघून घेतलं तर?'

'नाही ताई. नाव बघितलं की हात थरथरतो. हीच तर आपली पद्धत.'

हीसुद्धा मीच लिहिलेली. कुठून ही लिहायची सवय लागली मला!

आज एक गोष्ट मात्र बघितली. हकीकत दुसऱ्याची म्हणून ऐकली की कोणीही चटकन न्यायाधीश होतो. हितेंद्र सरांना क्षणभरही वाटलं नाही की मालक आपण असू. गंमत वाटली आणि थोडी कीवही आली.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

घाबरले आहे. भर हॉलमध्ये अध्यक्षांची शोभा करायची म्हणजे काय? चिडले तर करार राहिला बाजूला, दारातसुद्धा उभं करणार नाहीत. तक्रार मागे घ्यावी म्हणून नियम काढून बघितला. 'तक्रारदारानं सचिवासमोर स्वतः येऊन सही करावी. सचिवानं त्याची समजूत घालून, तो कोणाच्या दबावाखाली नाही ना, हे तपासावं.' आरशासमोर उभी राहिले. समजूत पटली नाही.

सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. 'खोटा काय लिवलंस?' नाही. 'मगे गप रव.' आणि मेथीची जुडी माझ्यापुढे सरकवली.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

अधिवेशनाची धांदल. तक्रारीपुरतं म्हणून आलेली मी आता सगळंच बघते आणि कोणी हरकत घेत नाही. प्रिती आमंत्रणं पाठवते, मी उभ्या उभ्या सूचना देते, दगडू जिन्यानं खाली-वर करतो. सव्वीस पिशव्या, बॅनर, प्रोजेक्टर, लोखंडी स्टँड.

दगडू हल्ली कप डाव्या हातानं ठेवतो. म्हटलं, 'काय रे, डावखुरा कधीपासून?' हसला. 'बदल म्हणून बाई.' चहा बशीत सांडला होता. कामाच्या दिवसांत इतकं चालायचंच.

शनिवार, २१ फेब्रुवारी

उद्या. निळी साडी इस्त्री करून ठेवली. काढून टाकणार असतील तर निदान नीट दिसावं.

रविवार, २२ फेब्रुवारी

लिहू का नको असं झालंय. लिहितेच.

दादरचा हॉल भरलेला. दगडूनं पहिल्या रांगेच्या कडेला माझ्यासाठी उंच पाठीची खुर्ची आणून ठेवली होती, मॅनेजरच्या खोलीतून उचलून. हितेंद्र सर बोलायला उभे राहिले. हकीकत त्यांनी अशी सांगितली की मागच्या रांगेतल्या एका बाईनं डोळे पुसले. मलाही माझं फार वाईट वाटलं. मग म्हणाले, 'आता ऐका, कोण आहे हा मालक,' आणि पाकीट फोडलं.

वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. माझ्याकडे बघितलं. मी साडीच्या काठाकडे बघत होते.

चिठ्ठी त्यांनी खिशात ठेवली. संपलं, मी म्हटलं. मग पुन्हा बाहेर काढली आणि माईकवर आमच्या संघाचं पूर्ण नाव वाचलं, नोंदणी क्रमांकासकट. लोकांना वाटलं आभारप्रदर्शन सुरू झालं, ते नेहमी असंच सुरू होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या! मागचे काही तर जेवणाकडे निघाले.

'बसा,' सर म्हणाले. 'मालक आपण आहोत. "आराम करा" हे मी म्हटलं होतं. माझ्याच तोंडानं. आणि पुस्तिकेतल्या पान तीनखाली सही माझीच आहे.' आवाज मऊ नव्हता, पहिल्यांदाच. 'नलूताई, चुकलो. सगळ्यांदेखत सांगतो.'

मला रडू आलं. वाटलं होतं जिंकल्यासारखं वाटेल, पण नुसतं हायसं वाटलं. त्या मऊ आवाजाच्या माणसात एवढा दम असेल असं मी धरलंच नव्हतं.

पुढचा सव्वा तास नियम चौदावर भांडण. कोणी म्हणे ठेवा, कोणी म्हणे उडवा, एका केंद्राच्या बाई म्हणाल्या मधला मार्ग म्हणून एक उपसमिती नेमू. अक्षदा उठली. 'आपली माणसं दुखावली तर निदान बघायला तरी कोणी असू दे.' मतदान झालं, एकोणीस विरुद्ध सात. नियम गेला. डाळ थंड झाली होती, पण खाल्ली. करार पाच मिनिटांत नवा, त्याच हॉलवर.

'उद्यापासून या, ताई,' सर म्हणाले.

'सर, मी रोज येतेच आहे.'

मंगळवार, २४ फेब्रुवारी

खुर्ची आली! पाठीला आधार, हातांना आधार, खाली चाकं. ओझं केवढं म्हणून सांगू, दगडूनं एकट्यानं दोन जिने चढवली. वर आल्यावर भिंतीला टेकून उभा राहिला. म्हटलं, 'वय झालं रे तुझं.' पेढा दिला.

संध्याकाळी राकेशकडे पहिला व्यायाम. बोट लावून सांगतो नेमकं कुठे दुखतं ते.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

पुस्तिकेच्या पुढच्या आवृत्तीत माझा अनुभव द्यायचा, असं सरांनी सुचवलं. लिहायला बसले (बसले!). 'योग्य नियोजन केल्यास हलक्या कामावरील व्यक्तीमुळे कार्यालयाचं काहीही अडत नाही. गेल्या चार आठवड्यांत मी एकही वस्तू उचललेली नाही, तरी एकही काम मागे पडलेलं नाही.'

छान जमलंय. प्रितीला टाईप करायला दिलं.

सोमवार, २ मार्च

पेटीत पाकीट. तक्रार क्रमांक पाच.

'आमच्या बाईंना हलकं काम मिळालं ते बरं झालं. पण त्यांचं जड काम कुठं गेलं ते कोणी विचारलं नाही. ते माझ्याकडं आलं. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. सांगणार होतो. पण बाई खूप खुशीत होत्या.'

आतलं छोटं पाकीट उघडंच होतं. एका हातानं चिकटवता आलं नसणार. चिठ्ठीवर कामगार म्हणून नाव लिहिलंय. जबाबदार कोण, ती जागा कोरी सोडलीय.

ती मी भरली. माझं नाव.